माऊस मावशीच्या हातात

मला राग लवकर येतो हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे गोळीचा नियम माझ्यासाठीच काढला असणार, असा नव्या लोकांचा समज होतो. तसं नाही. नियम तात्यांचा आहे आणि मी इथे यायच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

आम्ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवतो. म्हणजे कॉम्प्युटर सुरू केला की जी आधी स्वतः उठते आणि मग बाकीच्यांना उठवते, ती. आणि ती लोकांच्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवणारा जो प्रोग्राम, तो इन्स्टॉलर. नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी आमच्यातल्या कुणाच्या तरी घरचं माणूस पाहुणा म्हणून बोलवायचं, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही असं. पाहुण्याने स्वतःचाच कॉम्प्युटर आणायचा, कारण दुसऱ्याच्या मशीनवर माणूस कुठलंही बटण बेधडक दाबतो. त्यातल्या सगळ्याची नक्कल आम्ही आधीच काढून ठेवतो. मग पाहुणा एकटा बसून इन्स्टॉल करतो आणि आम्ही मागे खुर्च्या टाकून बघतो. कुणी बोलायचं नाही. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने तर तोंडात पेपरमिंटची गोळी धरायची, पाहुणा उठेपर्यंत.

"जीभ वळवळायचीच," तात्या म्हणतात. "मग तिला काहीतरी काम दिलेलं बरं."

तात्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. जुना इन्स्टॉलर त्यांनी एकट्याने लिहिलेला. चांगला होता, पण त्यात काही बिघडलं तर फक्त तेच दुरुस्त करू शकत, आणि त्यांची निवृत्ती जवळ आली होती. म्हणून नवा इन्स्टॉलर वेबच्या पद्धतीने लिहायचा असं ठरलं, म्हणजे पुढे कुणालाही हात घालता येईल. थोडक्यात सांगायचं तर माझा इन्स्टॉलर हे एक वेब पेज आहे, फक्त ब्राउझरऐवजी स्वतःच्या खिडकीत उघडणारं. तात्यांनी याला हरकत घेतली नाही. घेतली ती आमच्या बाईंनी.

बाई म्हणजे आमच्या प्रमुख. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांच्याशी भांडायला मजा येत नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "वेबच्या पानावर माणूस काय करतो? वाचतो, पुढे जातो, विसरतो. तुझं पान त्याला म्हणणार, तुझी अख्खी डिस्क माझ्या ताब्यात दे. परक्याला कोण देईल? ते त्या कॉम्प्युटरच्या घरचं वाटलं पाहिजे. पाहुण्याने जर का विचारलं, की हे इंटरनेटवरचं काही आहे का, तर ही आवृत्ती तात्यांच्या इन्स्टॉलरने जाईल आणि तुझा कपाटात."

तेव्हा मी दातओठ खाल्ले, पण त्यांचं खरं होतं हे मला जागेवर परत येईपर्यंत कळलं होतं.

मग मी परकेपणाचा वास घालवायच्या मागे लागले. खिडकी उघडताना क्षणभर पांढरा उजेड डोळ्यांवर यायचा, तो घालवला. माऊस बटणावर गेला की त्याच्या बाणाचा हात व्हायचा. घरच्या प्रोग्राममध्ये बटणाला कुणी हात दाखवत नाही, म्हणून तिथे बाणच ठेवला. माऊसचं उजवं बटण दाबलं की 'मागे जा', 'पान पुन्हा उघडा' असली यादी यायची. डिस्कवर सिस्टीम उतरत असताना कुणी पान पुन्हा उघडलं तर सगळंच अर्धवट राहील, म्हणून ती यादी मी मुळापासून उपटली. चित्र धरून ओढलं की त्याचं भूत माऊसबरोबर फिरायचं, तेही गाडलं. अक्षर सिस्टीमचं, रंग सिस्टीमचे, बटणांची जागाही सिस्टीमची. आणि माऊस मजकुरावरून ओढला की सगळं पान निळं व्हायचं, बटणांवरच्या अक्षरांसकट. हे तर मला डोळ्यांसमोर नको होतं. एक ओळ लिहिली आणि सगळ्या पानावरचं निळं होणं एकदम बंद करून टाकलं. त्या ओळीचा मला फार अभिमान वाटला होता. एका फटक्यात काम झालं की मला वाटतोच.

आता मावशी. माझ्या आईची धाकटी बहीण, आमच्या मागच्याच गल्लीत राहते आणि एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी बनवते. बनवते म्हणजे आधी कागदावर पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. तिची आजवरची सगळी कोडी तिच्या त्या जुन्या, पंखा घरघरणाऱ्या डब्यात आहेत. त्यातली सिस्टीम इतकी म्हातारी झाली होती की रोज सकाळी स्वतःच सांगायची, आता माझ्या भरवशावर राहू नका. मावशीला नवी सिस्टीम हवी होती. पण तिची अट होती की ती स्वतःच बसवणार.

"मी येते की रविवारी, चुटकीसरशी करून देते," मी म्हटलं.

"नको."

"का?"

"कारण तू आलीस की 'सरक जरा' म्हणतेस. मी सरकते. मग तू टकटक टकटक काहीतरी करतेस आणि 'झालं' म्हणून जातेस. काय झालं ते मला कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अडलं की पुन्हा तुलाच फोन. माझ्याच टेबलाशी मी पाहुणी!"

"मग पाहुणीच हो," मी चिडून म्हणाले, आणि म्हणताक्षणी मला सुचलं. "मावशी, खरंच हो ना. आमच्या ऑफिसात ये. कुणी तुझ्या माऊसला हात लावणार नाही. नियमच आहे तसा."

"तूसुद्धा नाही?"

"मी तर बोलूसुद्धा शकणार नाही."

हे ऐकून मावशी इतकी खूश झाली की मला जरा लागलंच. पण निघताना तिने मला दारात थांबवलं आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "ठिणगे, हे जमलं नाही ना, तर मी तो डबा तुझ्याकडे देऊन टाकणार आहे आणि कागदावरच करणार सगळं. साप्ताहिकवाले कागद घेत नाहीत आता. मग राहिलं." ठिणगी हे माझं लहानपणापासूनचं नाव. मावशी हसत नव्हती. माझ्या इन्स्टॉलरचं काय होणार ही काळजी मला होतीच, पण त्या दिवसापासून त्या काळजीवर ही दुसरी येऊन बसली, आणि ती जास्त जड होती.

परीक्षेच्या दिवशी दुपारी मावशी टॅक्सीने आली, डबा चादरीत गुंडाळून. तात्यांनी तिच्या कोड्यांची नक्कल काढून घेतली आणि तिच्या परवानगीने आत एक नवी कोरी डिस्क बसवली. बेत सरळ होता. नवी सिस्टीम नव्या डिस्कवर बसवायची, कोडी जुनीवर तशीच ठेवायची. हे तिला तात्यांनी एकदाच सांगितलं. त्याहून जास्त सांगायची मुभा नाही. नक्कल आहे म्हणजे काहीच हरवणार नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं आणि तिलाही. पण स्वतःच्या हाताने आपली कोडी पुसलेली बाई पुन्हा माऊस धरणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

बाई बसल्या, तात्या बसले, मी बसले. तात्यांनी डबी पुढे केली. मी गोळी तोंडात टाकली.

"सुरू करा, मावशी," बाई म्हणाल्या.

मावशीने चष्मा पुसला, पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढली. पेन ड्राइव्हवरून सिस्टीम उठली, इन्स्टॉलरची खिडकी उघडली. पांढरा उजेड आला नाही. मी गोळी गालात सरकवली.

भाषा निवडली. कीबोर्ड निवडला. नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला, पुन्हा लिहिला. मग वायफायचं पान आलं आणि मावशी मोठ्याने म्हणाली, "इंटरनेट!"

बाईंनी मान वर केली.

"इंटरनेट पाहिजे म्हणतोय हा. इथलं वायफाय कुठलं?"

पाहुण्याने वायफायचा पासवर्ड विचारला तर सांगायला परवानगी आहे. तात्यांनी कागदावर लिहून दिला, आणि परत येताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं आणि पुढे बघायचं. मला वाटलं, आता पैलतीर दिसायला लागला.

पुढचं पान डिस्कचं. त्यावर मजकूर बराच आहे, कारण तिथे लोकांनी थांबून वाचावं अशी आमची इच्छा असते. वर सूचना, खाली दोन्ही डिस्कची नावं. कंपन्या डिस्कला जी नावं देतात त्यांत अक्षरं आणि आकडे नुसते कोंबलेले असतात, आणि या दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या होत्या. नावं जुळ्या भावांसारखी. मावशीने माऊस पहिल्या ओळीच्या सुरुवातीला नेला, बटण दाबलं आणि ओळीवरून हळूहळू उजवीकडे ओढला.

काही झालं नाही.

तिने पुन्हा ओढला. मग माऊस उचलून त्याचं पोट बघितलं, फुंकर मारली, खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा ओढला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पांढरा उजेड परवडला असता. मावशी अशीच वाचते. पूर्वी ती ओळीखाली बोट धरून वाचायची, कोडी तपासताना तर हमखास, कारण तिची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरते. कॉम्प्युटर आल्यापासून ती माऊसने ओळ निळी करत करत वाचते. मी हे शंभरदा बघितलेलं. बघून चिडलेलेही आहे, की कशाला सगळं रंगवत बसतेस म्हणून. आणि तेच निळं होणं मी एका ओळीत, मोठ्या अभिमानाने, सगळ्या पानावरून पुसून टाकलं होतं. अति तिथे माती म्हणतात ती ही.

"हे रंगत का नाही?" मावशी स्वतःशीच पुटपुटली. "कुलूप लावलंय वाटतं."

आता ती नुसत्या नजरेने वाचायला लागली. ओठ हलत होते. सूचनेच्या मध्यावर ती थांबली, पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी अडली. मग सूचना सोडून डिस्कच्या नावांकडे आली. बाण पहिल्या नावावर गेला. ती जुनी डिस्क. सगळी कोडी तिथे.

माझ्या तोंडात 'मावशी, खालची' हे दोन शब्द तयार होते. गोळी नसती तर मी कधीच बोलले असते. बोलले असते कसली, तिला बाजूला सारून माऊस हातात घेतला असता. खुर्चीचा हात मी इतका घट्ट धरला की तो कुरकुरला, आणि तात्यांनी माझ्या हातावर हलकेच हात ठेवला. गोळी दाताखाली आली आणि फुटली. सगळ्यांनी ऐकलं. मावशीनेही ऐकलं असणार, पण तिने मागे वळून बघितलं नाही. बोट बटणावर, बाण जुन्या डिस्कवर, आणि ती तशीच बसलेली.

मग तिने माऊस सोडला.

पिशवी मांडीवर घेतली, आतून चष्म्याचं घर काढलं आणि त्याची सरळ कड पडद्याला लावली, बरोबर पहिल्या ओळीखाली. एक ओळ वाचून झाली की घर खाली सरकवायचं. पुन्हा एक ओळ. सगळी सूचना तिने अशी वाचून काढली, कुठेही न अडखळता. मग दोन्ही डिस्कच्या नावांखाली घर धरून एकेक अक्षर लावून बघितलं, खालच्या ओळीच्या पार शेवटी बारीक 'रिकामी' लिहिलं होतं तिथपर्यंत. शेवटी तिच्या तोंडून "हां" असा लांब आवाज निघाला. कोडं सुटलं की निघतो तसाच.

तिने खालची डिस्क निवडली. पुढे. खात्री आहे का? आहे. पुढे.

सिस्टीम उतरायला लागली आणि पट्टी भरत गेली. मावशी हाताची घडी घालून त्या पट्टीकडे असं बघत होती, जसं काही तीच ती ढकलते आहे. पट्टी भरली, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि तिचं नाव पडद्यावर आलं. तिने पासवर्ड टाकला. मग जुनी डिस्क उघडून एक कोडं काढलं, बघितलं, बंद केलं. "आहे," ती म्हणाली, आणि खुर्चीतून उठली.

मी गोळीचे तुकडे गिळले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचा दोष मी पेपरमिंटला दिला.

नियमाप्रमाणे शेवटचा प्रश्न बाईंनी विचारला. "मावशी, तुम्हाला काय वाटलं, हे कशात बनवलंय?"

"कशात म्हणजे? कॉम्प्युटरात." मावशीने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "का, दुसरं कशात बनवतात?"

तात्या खो खो हसले. बाईसुद्धा हसल्या, आवाज न करता. माझा इन्स्टॉलर कपाटातून वाचला.

"पण एक सांगू का," मावशी म्हणाली. "वाचायचं असतं ते रंगलं पाहिजे. नाहीतर माझ्यासारखीने काय करायचं? प्रत्येकीच्या पिशवीत चष्म्याचं घर असेलच असं नाही."

"घरच्या प्रोग्राममध्ये असं रंगत नाही, मावशी," मी म्हणाले. गोळी संपली होती, म्हणजे मला बोलायची परवानगी होती, आणि माझ्या नाकावर नेहमीची गोष्ट येऊन बसली होती.

"माझ्यात रंगायचं," तात्या शांतपणे म्हणाले.

"काय?"

"जुन्या इन्स्टॉलरमध्ये. बटणं नाही, पण सूचना रंगायच्या. लोकांना त्या उचलून दुसऱ्याला पाठवायच्या असतात, विचारायला."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. आणि तू त्या ओळीवर इतकी खूश होतीस."

माझी ओळ म्हणजे आपला तो बाळ्या. मी जागेवर गेले आणि ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी जरा जास्त ओळी लिहाव्या लागल्या. बटणं रंगणार नाहीत, चित्रं रंगणार नाहीत, पण माणसाने वाचावं म्हणून जे लिहिलंय ते सगळं रंगेल. मावशी माझ्या मागे उभी राहून बघत होती. झाल्यावर मी खिडकी पुन्हा उघडली, खुर्चीतून उठले आणि तिला बसायला दिली. तिने सूचनेवरून माऊस ओढला. ओळ निळी झाली.

"आता कसं!" ती म्हणाली.

आवृत्ती ठरलेल्या दिवशी बाहेर पडली. लोकांनी इन्स्टॉलरबद्दल फारसं काहीच लिहिलं नाही, आणि आमच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नसतं. तात्यांनी त्यांच्या जुन्या इन्स्टॉलरची फाईल एकदा उघडून बघितली, बंद केली, आणि मला चहा पाजला.

पुढच्या रविवारी मी मावशीकडे गेले. ती नव्या सिस्टीमवर कोडं बनवत होती. पंखा अजून घरघरत होता, पण डबा वेगाने चालत होता आणि मावशीही. मी शेजारी स्टूल ओढून बसले. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. काहीतरी नवीन आलंय, बसवू का, असं विचारत होती. मावशीने माऊस तिच्याकडे नेला आणि पहिल्या ओळीवरून सावकाश ओढायला सुरुवात केली.

ते बटण कुठलं, हे मला माहीत होतं. ते खाली उजवीकडे होतं आणि एका टिचकीचं काम होतं. माझा हात टेबलावरून पुढे सरकला. "मावशी, सरक ज..."

मावशीने पडद्यावरची नजर काढली नाही. उजव्या हाताने ती ओळ रंगवत राहिली. डाव्या हाताने तिने टेबलाचा खण उघडला, आतून एक छोटी डबी काढली, अंगठ्याने झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली.

मी पेपरमिंटची गोळी घेतली आणि तोंडात टाकली.